निळा धूर दिसला म्हणून लगेच ब्लॉक उतरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर जुन्या मोटारसायकलींच्या देखभालीवर आलेला लेख वाचला. चेन, टायर, ब्रेक यांबद्दल त्यात लिहिलेलं सगळं उपयोगाचं आहे. धुराला मात्र त्यात एकच ओळ मिळाली: निळा धूर येत असेल तर रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या, इंजिनाचं काम करून घ्यावं. त्या ओळीबद्दल हे पत्र आहे.

मी बोअरकाम करतो. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा तो भाग, ज्याच्या आतल्या गोल भोकात, म्हणजे बोअरमध्ये, पिस्टन वरखाली होतो. ब्लॉक बोअर करणं (ते भोक मापाने मोठं करणं), होनिंग (आतली भिंत घासून बारीक रेघा पाडणं), हेडमधल्या, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणातल्या, गाईड (वॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) बदलणं हा माझा रोजचा धंदा. आपला लेख वाचून ज्यांच्या गाड्या उघडल्या जातील त्यांचे ब्लॉक शेवटी माझ्यासारख्याच्याच मशीनवर येणार. तरीही सांगतो, की माझ्याकडे येणाऱ्या ब्लॉकपैकी कितीतरी मुळात यायलाच नको होते. एकदा खरवडलेलं ब्लॉकचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कुणालाही परत भरून देता येत नाही, म्हणून ही गोष्ट ब्लॉक उतरवण्याच्या आधीच वाचकांना कळायला हवी.

ब्लॉक माझ्याकडे सुटा येतो. पिशवीत ब्लॉक, जुना पिस्टन, कधी नवा किट, आणि सोबत निरोप: "धूर मारते, बोअर करून ठेवा." गाडी मी पाहिलेली नसते. म्हणून आधी ब्लॉक पुसून उजेडाकडे धरतो. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असतात. तेल त्या रेघांत धरून राहतं. या रेघा अजून स्पष्ट दिसत असतील तर बोअर झिजलंय या म्हणण्यावर माझा विश्वास तिथेच कमी होतो. मग आतून नख वरच्या कडेकडे ओढतो. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे झिजलेल्या बोअरमध्ये एक धार उभी राहते आणि नख तिला अडतं. त्यानंतर बोअर गेज लावायचा: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना, एकदा गजन पिनच्या (पिस्टनला आडवी जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत आणि एकदा तिला आडवं. पिस्टन आडव्या दिशेने भिंतीवर दाबला जातो म्हणून झीज तिकडे जास्त होते. वरच्या भागात उष्णता आणि दाब जास्त, तेल कमी, म्हणून तिथे सर्वात जास्त. झिजलेलं बोअर वर रुंद, खाली अरुंद आणि किंचित अंडाकृती झालेलं असतं. अनेक लहान इंजिनांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मूळ मापापेक्षा 0.10 मिलिमीटरच्या आसपास झीज झाली की बोअर करा असं दिलेलं असतं. माझ्याकडे येणारे पुष्कळ ब्लॉक या मर्यादेच्या बरेच आत असतात. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजने, म्हणजे पातळ मोजपट्ट्यांनी, मोजली, तर तीही मापात भरते.

असं झालं की मी मेकॅनिकला फोन करतो आणि हेड मागवून घेतो.

हेडमध्ये वॉल्व्ह थोडा उचलायचा आणि दोन बोटांनी इकडेतिकडे हलवून बघायचा. गाईडमध्ये तो खुळखुळत असेल तर तेल तिथूनच खाली उतरतंय. गाईडच्या डोक्यावर वॉल्व्ह सील बसतं. ही रबराची एवढीशी टोपी, करंगळीच्या टोकावर मावेल अशी. नवी टोपी चिमटीत दाबली की दबते आणि सोडली की पुन्हा गोल होते. जुन्या गाडीतून काढलेली टोपी बटणासारखी कडक झालेली असते, कधी काढतानाच तिचे तुकडे पडतात. इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षं भाजून रबराचं असंच होतं, आणि गाडी फारशी चाललेली नसली तरी वयानेही होतं. हेडवरचं तेल या टोपीने अडवायचं असतं. ती कडक झाली की तेल वॉल्व्हच्या दांडीवरून ओघळत इंधनासोबत आत जातं आणि जळतं. निघणारा धूर रिंगांच्या धुरासारखाच निळा असतो. नुसता रंग बघून दोन्हींतला फरक कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

फरक कळतो तो धूर कधी येतो यावरून. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली, निळ्या धुराचा एक लोट निघाला आणि एकदोन मिनिटांत सायलेन्सर स्वच्छ झाला, तर बहुधा वॉल्व्ह सील किंवा गाईड. रात्रभरात थेंब थेंब खाली उतरलेलं तेल त्या एका लोटात जळून जातं. दुसरी खूण उतारावर दिसते. गाडी गिअरमध्ये ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून उतार उतरायचा आणि खाली आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. देताक्षणी मागे निळा लोट आला तरी संशय वॉल्व्हवरच. अ‍ॅक्सिलरेटर बंद आणि इंजिन मात्र वेगात, अशा वेळी इनटेकच्या, म्हणजे हवा-पेट्रोल आत येण्याच्या, बाजूला जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि तो ढिल्या गाईडमधून तेल खेचून घेतो. उलट चढावर, डबलसीट असताना, जोर लावला की निळा धूर येतो आणि जोर आहे तोवर येतच राहतो, गाडी गरम झाल्यावरही थांबत नाही, पिकअपही पडलेला आहे, अशी लक्षणं असतील तर रिंगा आणि बोअर. त्या गाडीचा ब्लॉक जरूर पाठवा. दोन्ही खुणा एकत्र दिसणाऱ्या गाड्याही असतात, जुन्या गाडीत एकच भाग झिजेल असं थोडंच आहे.

हे चालवणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. आरसा धुराचा रंग सांगत नाही, आणि उभ्या गाडीला नुसतं रेझ करून बघितलं तर इंजिनावर भार येत नाही. कुणाला तरी दुसऱ्या गाडीवर मागे यायला सांगा, आणि आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडला कधी, दिला कधी हे त्याला हाताच्या खुणेने कळवा. मागचा माणूस जे सांगेल ते मेकॅनिकपाशी शब्दशः सांगा. "गाडी धूर मारते" एवढंच सांगितलं की मेकॅनिक रिंगांपासूनच सुरुवात करणार. "सकाळी पहिल्या किकला मारते, नंतर नाही" असं सांगितलं तर चांगला मेकॅनिक हेडकडे वळतो. घरच्या घरी आणखी एक करता येतं. इंजिन गरम झाल्यावर पांढरा कागद सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब धरायचा. कागदावर तेलकट, चिकट ठिपके उठले तर तेल जळतंय. कोरडी काळी काजळी बसली आणि बोटाने पुसली गेली तर पेट्रोल जास्त जातंय. नुसते पाण्याचे थेंब आले आणि वाळून गेले तर काळजी नको. हे सगळं उघड्यावर करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून धूर बघत बसणं जिवावर बेतू शकतं, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.

ब्लॉक उतरवण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं, झालीच पाहिजे. गरम इंजिनाचा प्लग काढायचा, त्या जागी गेज लावायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धरायचा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत किका मारायच्या. अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून घेतलेलं रीडिंग कमीच येतं आणि चांगल्या इंजिनाला आजारी ठरवतं. रीडिंग कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा किका मारायच्या. आता काटा चांगला वर गेला तर रिंगांपाशी गळती होती, तेलाने ती घडीभर बुजवली. जागचा हलला नाही तर वॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गळतंय. पण या टेस्टचीही एक मर्यादा मेकॅनिक मंडळींनी ध्यानात ठेवावी. ती वरच्या दोन रिंगांबद्दल सांगते. तेल खरवडून खाली ढकलायचं काम तिसऱ्या, म्हणजे ऑइल रिंगचं असतं. ती कार्बनने चिकटली असेल तर कॉम्प्रेशन उत्तम येऊनही गाडी तेल खाते. बरीच वर्षं उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर धूर देते त्याचं एक कारण हेच. अशा गाडीचं तेल बदलून ती काही दिवस नीट चालवली तर रिंग कधी कधी मोकळी होते आणि धूर आपोआप कमी होतो. तेवढी संधी इंजिनाला द्यावी असं माझं मत आहे.

आणखी पक्कं निदान हवं असेल तर लीकडाउन टेस्ट. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि फुसफुस कुठून ऐकू येते ते बघायचं. कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा. कॉम्प्रेसर आणि एक साधा अ‍ॅडॉप्टर असला की कुठल्याही गॅरेजात होण्यासारखी ही टेस्ट आहे.

याहून साधी गोष्ट म्हणजे तेलाची पातळी, आणि तीच सर्वात जास्त दुर्लक्षित. गाडी सरळ उभी, थोडा वेळ चालवून बंद केलेली आणि तेल खाली उतरायला काही मिनिटं दिलेली, अशा वेळी डिपस्टिक बघायची असते. अनेक मॉडेलमध्ये डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. तिथे ती फिरवून आत बसवली तर पातळी आहे त्याहून जास्त दिसते. आटे फिरवून बघायचं असलेल्या मॉडेलमध्ये नुसती टेकवली तर उलट कमी दिसते, आणि माणूस वरून तेल ओतत राहतो. जास्त झालेलं तेल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या, नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात येतं, तिथून कार्ब्युरेटरमार्गे इंजिनात जातं आणि निळा धूर होतो. रिंगा ठणठणीत, सील नवं, आणि गाडी धूर मारते! फिल्टरचा डबा उघडला की आत तेल साचलेलं दिसतं. ब्रीदरची नळी दबलेली किंवा तुंबलेली असली तरी आतला दाब वाढून तेल नको तिथे जातं. आपल्या मॉडेलची पद्धत मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्यावी.

तेल न भरताच पातळी वाढलेली दिसली तर डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर कार्ब्युरेटरमधली फ्लोटची पिन (पेट्रोल अडवणारी) बसत नाही, टाकीचा कॉक उघडा राहिलाय आणि पेट्रोल इंजिनात उतरतंय. ती गाडी तशीच चालवू नये. पातळ झालेलं तेल बेअरिंगना आणि कॅमला वाचवू शकत नाही. पिन दुरुस्त करून तेल बदलावं, मगच किक मारावी.

आता काळ्या धुराबद्दल. लोक त्याला हलक्यात घेतात. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. चोक अर्धवट अडकलाय का ते आधी बघा, मग एअर फिल्टर. तो काढून क्षणभर इंजिन चालवल्यावर काळेपणा कमी झाला तर दोष तिथेच. त्यानंतर फ्लोटची पातळी, आणि जुन्या कार्ब्युरेटरमध्ये नीडल आणि तिचा जेट. हजारो किलोमीटर ती सुई वरखाली घासून जेटचं भोक मोठं होतं, आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी मधल्या वेगात गाडी काळाच धूर देते. प्लगवर कोरडी काजळी असते. माझा या काळ्या धुरावर खास राग आहे, कारण त्याचा शेवट मला बघावा लागतो. जळून न गेलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, रिंगा कोरड्या घासतात आणि खालचं तेलही पातळ होतं. वर्षभर काळा धूर मारणाऱ्या गाडीचा ब्लॉक आरशासारखा गुळगुळीत होऊन माझ्याकडे येतो आणि तोवर धूर निळा झालेला असतो. बोअरकामासाठी मोजलेल्या पैशाच्या किरकोळ भागात ते कार्ब्युरेटर आधीच नीट झालं असतं.

तीच गोष्ट फाटक्या एअर फिल्टरची. बोअर करून दिलेलं इंजिन लवकरच पुन्हा धूर मारायला लागलं तर मी पहिल्यांदा फिल्टर मागतो. फाटलेला किंवा कडेने नीट न बसलेला फिल्टर धूळ आत सोडतो, आणि ती धूळ तेलात मिसळून रिंगा आणि बोअर खाऊन टाकते. पिकअप वाढेल म्हणून फिल्टर काढून गाडी चालवणारे हे ऐकत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

पांढऱ्या धुराला लोक उगाच घाबरतात. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. थंड सकाळी सायलेन्सर गार असतो, तेव्हा हीच वाफ दिसते, क्वचित थेंबही टपकतात. सायलेन्सर तापला की ती दिसेनाशी होते. हवेवर गार होणाऱ्या इंजिनात कूलंट नसतंच, त्यामुळे तिथे "कूलंट जळतंय" हे कारण कुणी सांगितलं तर मानू नका. रेडिएटर असलेल्या गाडीत मात्र तापल्यावरही दाट पांढरा धूर टिकून राहिला, वास गोडसर आला आणि कूलंटची पातळी उतरत गेली, तर हेड गॅस्केट बघावंच लागेल, आणि तोवर गाडी चालवू नये.

टू-स्ट्रोक गाड्यांना निळ्या धुराचा नियम तसाच्या तसा लावता येत नाही. त्या तेल जाळण्यासाठीच बनलेल्या आहेत, सुरुवातीचा थोडा निळसर धूर त्यांचा स्वभावच आहे. पेट्रोल-तेलाचं मिश्रण 50 ला 1 सांगितलं असेल तर लिटरला 20 मिलिलिटर तेल. अंदाजाने ओतलेलं तेल हेच बऱ्याचदा धुराचं कारण असतं. पण मिश्रण बरोबर असूनही दाट, पांढरट, थांबत नसलेला धूर येत असेल तर गिअर ऑइल मोजून काढा. ते कमी भरलं आणि खाली कुठे गळतीची खूण नाही, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील (गिअर ऑइल इंजिनात येऊ न देणारं) गेलंय आणि इंजिन गिअर ऑइल पितंय. अशा गाडीचं बोअर करून धूर काडीचाही कमी होत नाही.

धूर दाबण्यासाठी जाड तेल किंवा बाटलीतली औषधं घालायचा सल्लाही सर्रास दिला जातो. जाड तेलाने धूर काही दिवस कमी दिसेल, पण थंड इंजिनात तेल वर पोचायला वेळ लागेल आणि झीज चालूच राहील. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून मोटारीचं तेल घातलं तर क्लच घसरायचीही शक्यता असते. डब्यावर "जासो एमए" लिहिलेलं तेल ओल्या क्लचसाठी असतं. मॅन्युअलने सांगितलेल्या ग्रेडचं तेच घ्यावं.

गाडी धूर मारत असताना दुरुस्तीला वेळ असेल, तर दर काही दिवसांनी पातळी बघून तेल भरत राहा. लहान इंजिनात सगळं मिळून लिटरभराच्या आसपास तेल असतं, त्यातलं अर्धं जळून गेलं तर कॅम आणि बेअरिंग जायला फार वेळ लागत नाही. धुराने इंजिन मेल्याचं मी पाहिलेलं नाही, तेल संपून मेलेली मात्र पुष्कळ पाहिली आहेत.

आणि बोअर करणं खरंच गरजेचं असेल तर बिनधास्त करा, फक्त ते मापाने होऊ द्या. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे पिस्टन, साधारण 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिलिमीटरचे येतात. म्हणजे एका ब्लॉकच्या आयुष्यात चारच पायऱ्या, त्याही पिस्टन मिळत असेल तर. मग स्लीव्ह, म्हणजे ब्लॉकमध्ये नवी नळी बसवणं. गरज नसताना एक पायरी खर्ची घातली की जुन्या गाडीचं आयुष्य तेवढं कमी झालं. आतून कोटिंग केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकला या पद्धतीने बोअरही करता येत नाही. अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून पैसे वाचत नाहीत, कारण गोल रिंग तिथे टेकतच नाही. पिस्टन मी माझ्याकडे मागतो, हातात घेऊन मोजतो आणि त्याच पिस्टनला बोअर करतो. डब्यावरच्या आकड्यावर विसंबून नाही. काम झाल्यावर पहिल्याच फेरीत धूर दिसला तर मेकॅनिकशी भांडू नका. जुनं तेल सायलेन्सरच्या आत बसलेलं असतं, ते जळून जायला वेळ द्यावा लागतो.

संपादक महोदय, आपल्याला विनंती एवढीच की त्या लेखातली ओळ पुढच्या अंकात दुरुस्त करून छापावी. जागा कमी असेल तर इतकं पुरे: "निळा धूर म्हणजे तेल जळतंय. धूर सकाळी सुरू करताना येतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर येतो की चढावर सतत येतो, ते आधी बघा. तेलाची पातळी आणि एअर फिल्टरचा डबा तपासा, कॉम्प्रेशन मोजून घ्या. ब्लॉक उतरवलाच तर बोअर करण्याआधी त्याची मापं कागदावर लिहून मागा."

आपला,
बोअरकाम करणारा एक नियमित वाचक